काकूंचा जनरेटर

शेजारच्या काकूंचा जनरेटर उघडायचं मी कितीतरी शनिवार टाळलं. कामात आहे, म्हणायचो. खरं कारण बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ट्रॉय गावात बर्फाचा पाऊस झाला, तारा तुटल्या, लाइट गेले. आमच्याकडे जनरेटर होता, काकूंकडे नव्हता. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, बेसमेंटमध्ये पाणी चढायला लागलंय. पाणी उपसायचा माझा पंप तुझ्या जनरेटरवर लावता येईल का?"

"काकू, आमचं मशीन फुल लोडवर आहे. झेपणार नाही."

"बरं बरं, असू दे."

सकाळपर्यंत बेसमेंटमधले, काकांनी जन्मभर जमवलेले दिवाळी अंक भिजून फुगले होते. काका आदल्याच वर्षी गेलेले. आम्ही नवरा-बायको मदतीला गेलो, पिंगपाँगच्या टेबलावर अंक पसरले, पण पानं एकमेकांना सोडेनात. पुढे मंडळाच्या कार्यक्रमात काकू चारचौघांत सांगायच्या, "बिचारा आला असता हो, पण त्याच्या मशीनची ताकदच तेवढी." मी हातात पोह्यांची प्लेट धरून खाली बघायचो.

मग त्यांच्या मुलीने कॅलिफोर्नियाहून त्यांना एक जनरेटर पाठवला. पंप लावला की तो ट्रिप होऊन बंद पडायचा. "मुलगी म्हणते इलेक्ट्रिशियन बोलव. म्हटलं, शेजारी इंजिनिअर असताना बाहेरचा माणूस कशाला?" काकू म्हणायच्या.

शेवटी एका शनिवारी गेलो. गराजच्या दारात खुर्ची टाकून काकू बसल्या, मी पॅनल उघडलं.

"बिघडलंय काय पण?"

"काहीच नाही. आत दोन वाइंडिंग आहेत, म्हणजे तारेची वेटोळी, प्रत्येकी एकशेवीस व्होल्टची. एकापुढे एक जोडली म्हणून दोनशेचाळीस मिळतात. पण इथल्या साध्या, एकशेवीसच्या प्लगला एकाच वाइंडिंगचा करंट येतो. म्हणजे अर्धी ताकद. पंप सुरू होताना जो झटका घेतो, तो त्या अर्ध्याला पेलत नाही. दोन्ही शेजारी-शेजारी जोडली की सगळी ताकद एकशेवीसवरच मिळेल."

"उलटसुलट जोडलंस तर?"

"जळेल. म्हणून आधी एकेक टोक जोडायचं आणि उरलेल्या दोन टोकांत मीटर लावायचा. शून्य आलं तर बरोबर. दोनशेचाळीस आलं तर फिरवायचं."

मशीन दाराबाहेर घेऊन चालू केलं, पहिल्यांदा दोनशेचाळीस आलं. मशीन बंद केलं, टोकं बदलली. शून्य.

काकू मीटरवरच्या शून्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुझं मशीनही असंच, दोन वाइंडिंगचं?"

"हो."

"मग त्या बर्फाच्या रात्री एका बाजूला तुमचा फ्रिज आणि पंप. आणि दुसऱ्या बाजूला?"

'घर गरम करायची फर्नेस' म्हणता आलं असतं. जीभ तिथपर्यंत गेलीही होती.

"काही नव्हतं, काकू. रिकामी होती. तुमचा पंप आरामात चालला असता."

"तुला तेव्हा माहीत नसेल."

"माहीत होतं. नुकतेच ओले मोजे काढून बसलो होतो. एवढी लांब केबल ओढत त्या चिखलात परत जायचा कंटाळा आला. बस, एवढंच."

रागावतील म्हणून मी थांबलो. त्या उठल्या आणि आत गेल्या. मी नवीन सॉकेट आणि मोठा ब्रेकर बसवला, दोनशेचाळीसचं आता निकामी झालेलं सॉकेट काढून तिथे झाकण लावलं, मशीन ड्राइव्ह-वेवर लांब नेऊन ठेवलं. हात चालू होते, लक्ष त्यांच्या दाराकडे होतं.

त्या आल्या त्या पायात बूट घालून.

"चालू कसं करायचं ते दाखव. पेट्रोल कुठे, चोक कुठे, सगळं. पुढच्या वेळी तुला फोन करायला लागू नये."

मी दाखवलं. दोरी त्यांनी स्वतः ओढली. दोनदा फसली, तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला.

"तू नको," त्या म्हणाल्या.

तिसऱ्यांदा मशीन सुरू झालं. त्यांनी केबल लावली, खाली बेसमेंटमध्ये पंपाने झटका घेतला आणि तो चालू राहिला. तो आवाज ऐकत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, मधे थोडं अंतर ठेवून.