वजन वाटून देणारी कडी

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या अकोल्याच्या साडूंइतकी जय्यत तयारी करून इतकं घरीच बसणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. दारात मोटार आहे. तिच्यामागे जोडायचं चाकांवरचं घर आहे, आणि त्या घरात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, ताईंनी शिवलेले पडदे आहेत. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. नांदगाव खंडेश्वरच्या शेतकऱ्याची लेक, साठी उलटली तरी समुद्र पाहिलेला नाही. निवृत्तीच्या दिवशी साडू त्यांना म्हणाले, "तुले सोताच्या घरात बसवून समुद्र दाखवतो." ट्रॉल्या बनवणाऱ्याने सहा महिन्यांत घर उभंही केलं. राहिली फक्त मोटारीला जोडायची कडी. ती निवडायला साडूंना चार वर्षं लागली.

साधा ट्रॅक्टरचा हूक चालत नाही म्हणे. मागचं घर मोटारीचं बूड दाबतं, तिचं नाक वर उचलतं आणि दिवे रस्ता सोडून चांदण्या शोधू लागतात. म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी दांड्या असलेली, दाब पुढच्या चाकांवरही वाटून देणारी कडी हवी. हे ज्ञान त्यांनी मोबाइलवर गोऱ्या लोकांकडून मिळवलं, एका जाड वहीत उतरवलं आणि अमरावतीला आमच्याकडे येऊन, मी जेवत असताना, पळी आणि दोन पापडांच्या मदतीने मला शिकवलं. माझ्या मुलीच्या लग्नात विहीणबाई मोटारीत मागे बसण्याआधी आणि बसल्यावर त्यांनी टेप लावून बॉनेटची उंची मोजली. "दोन इंच उचललं, राजेहो!" हे मांडवभर ऐकू गेलं. मुलीच्या सासरशी आमचं अजून जरा जपूनच चालतं.

कडी किती ताकदीची घ्यायची, हे ठरवायला घरातलं सगळं तोलणं आलं. कुकर, गाद्या, लोणच्याची बरणी, सगळं एका दालमिलच्या काट्यावर चढलं. शेवटी ताईही चढल्या. "अडुसष्ट!" साडू हमालांसमोर ओरडले. "म्हंजे पन्नासाचा एक कट्टा नि वर अठरा किलो!" ताई दोन दिवस बोलल्या नाहीत. साडूंना ती शांतता अभ्यासाला सोयीची वाटली.

अखेर बडनेऱ्याच्या एका निवृत्त रेल्वे फिटरने कडी घडवून दिली. पहिली फेरी अकोला ते अमरावती. मी मुद्दाम अकोल्याहून त्यांच्यासोबत बसलो. मोटारीचं नाक तसूभर उचललं नाही, साडूंची छाती मात्र उचलली. गाव सुटलं, वेग वाढला आणि मागचं घर शेपटीसारखं डावी-उजवीकडे झुलायला लागलं. साडूंनी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि वही घेऊन कडीखाली शिरले. ताईंनी खाली उभ्या राहूनच घराचं दार उघडलं. भरलेली टाकी, सिलिंडर, तांदूळ-डाळीचे डबे, सगळं मागच्या भिंतीला.

"अजी, गाडी उलार झाली," त्या म्हणाल्या. "मांगं भार झाला का बैलाच्या मानेवरचं जू वर उठते, तसं. टाकी रिकामी करा, बाकीचं पुढं घ्या."

घेतलं. घर गुमान मागे आलं. बऱ्याच वेळाने साडूंनी विचारलं, "तुले ठाऊक होतं, तं चार वर्षं काहून नाई बोलली वं?"

"तुमी मले तोललं," ताई म्हणाल्या. "इचारलं कुठं?"

आमच्या दारात आल्यावर ताई धाकट्या बहिणीला पडदे दाखवायला निघाल्या आणि घराच्या पायरीशी अडल्या. गुडघा वर जाईना. कडीचा अभ्यास चालू होता, तेवढ्या वर्षांत ताईंचे गुडघे गेले होते, आणि त्या जाड वहीत त्याची नोंद कुठेच नव्हती. मला साडूंचा भयंकर राग आला. चार शब्द सुनावावेत म्हणून पुढे झालो, तर ते टेप घेऊन ताईंच्या पायाशी बसलेले. त्यांनी पायरी मोजली, आकडा पाहिला. वही उघडली नाही. मान वर करून म्हणाले, "तुले किती उंच पाह्यजे, तू सांग."

ताईंनी हात पार खाली नेऊन दाखवला. मी न्हाणीघरातला पाट आणून तिथे ठेवला. ताई त्यावर पाय देऊन आत गेल्या आणि पडदा सारून खिडकीत बसल्या. समोर आमच्या शेजाऱ्यांची भिंत होती, तरी बराच वेळ बाहेर बघत राहिल्या.

समुद्र अजून व्हायचा आहे. पाट मात्र त्या घरातच आहे, आणि मी तो परत मागितलेला नाही.