हजेरी ट्रकपाशी घेणाऱ्या बाई

पाटोद्याजवळच्या एका शाळेतल्या मुख्याध्यापिकेने पोलिसांची धमकी देऊन ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमधून मुलीला उतरवले, असे लोक सांगतात. काही जण म्हणतात, बाई रडल्या. दोन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत. मी तिथेच एसटीची वाट पाहत उभा होतो.

बाई ठेंगण्या, आवाज मऊ. त्यांनी ट्रक अडवला नाही. त्या शेजारी उभ्या राहिल्या, काखेतले हजेरीपुस्तक उघडले आणि सातवीची नावे रोजच्यासारखी सावकाश वाचू लागल्या. एका नावाला ट्रकमधल्या बोचक्यांवरून सवयीने उत्तर आले, "हजर, बाई!" सगळे हसले.

बाई मुलीच्या बापाला म्हणाल्या, "दादा, ती हजर म्हणतीय. मी गैरहजेरी कशी मांडू?"

"आमी सहा महिने तिकडं. हितं तिला बघायला कोण हाय?"

निरोप द्यायला आलेली मुलीची आजी कडाडली, "आरं, मी काय मेले का? मला इचारलं का कुणी?"

मीही मुख्याध्यापक होतो. माझ्या नुसत्या खाकरण्याने अख्खी शाळा गप्प होई, याचा मला आजही अभिमान आहे. परंतु गप्प बसवलेल्या शाळेतून तसे उत्तर कधी येत नाही, हेही मी ठणकावून सांगतो.

बापाने मुलीला कमरेला धरून खाली घेतले. बाईंनी तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढचे नाव वाचले. ट्रकमध्ये त्याच वर्गातली आणखी दोन मुले होती.