नखरेल माशांची सरबराई

आमच्या पंपाच्या कारखान्यात कँटीन चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे पूर्णविराम म्हणत. कोणतीही तक्रार त्यांच्यापाशी पोचली की संपायची, पुढे वाक्यच नसायचं. भात कच्चा राहिला, तर दात कशाला दिलेत? सूप तिखट झालं, तर पाणी प्या. एका फिटरला पोटात अल्सर झाला होता. त्याने फार अदबीने विचारलं, "साहेब, माझ्यापुरतं थोडं कमी तिखट मिळेल का?" पूर्णविरामांनी हातातली पळी तशीच धरली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "इथे पोट बघून स्वयंपाक होत नाही. स्वयंपाक बघून पोट करून घ्यायचं."

मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे कँटीनचा हा कायदा त्यांच्या घरातही लागू आहे हे मला माहीत होतं. घरात माणसं तीनच. ते स्वतः, शाळेत भूगोल शिकवणारी बायको आणि ऐंशीला टेकलेली आई. आईंची कवळी हिरडीला घासायची. त्या बिचाऱ्या पाव सुपात बुडवून, भिजेपर्यंत वाट बघत बसायच्या. बायकोने एकदा त्यांच्यासाठी बटाटा कुस्करून वेगळा ठेवला, तर पूर्णविराम म्हणाले, "तिला अशी सवय लावू नकोस. चावायचं सोडलं की माणूस खचतो." आपण आईच्या भल्याचं बोलतोय याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

त्यांना शौक एकच होता, खाऱ्या पाण्याचा. बाहेरच्या खोलीत भिंतभर लांबीची काचेची टाकी होती आणि तिच्यात समुद्र नांदत होता. पाण्यात मीठ किती, गरमी किती, सगळं ते स्वतः बघायचे. मासेही मालकाला शोभतील असेच होते. टाकलं ते खाणारे, तक्रार न करणारे. त्यातला एक निळा, आडदांड मासा बाकीच्यांच्या अंगावर धावून जायचा. त्याला ते कौतुकाने फोरमन म्हणत.

एक दिवस माशांच्या दुकानात त्यांना फाइलफिशची जोडी दिसली. बोटाएवढे मासे, हिरवट निळ्या अंगावर नारिंगी ठिपके, पुढे निमुळतं लांब तोंड. अंग कानशीसारखं, म्हणजे फिटरच्या फाइलसारखं, खरखरीत म्हणून हे नाव. दोघं एकमेकांना चिकटून पोहत होते, एक वळला की दुसरा वळायचा. पूर्णविराम विरघळले.

दुकानदाराने आधीच सांगितलं, "साहेब, हे समुद्रात जिवंत प्रवाळ टोचून खातात. दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. शिवाय भित्रे. विचार करून न्या."

"माझ्याकडे आले की सगळं खातील," पूर्णविराम म्हणाले. "अशी पुष्कळ माणसं मी सरळ केली आहेत."

घरी आल्यावर त्यांनी जोडी टाकीत सोडली आणि रोजचा कोळंबीचा चुरा वरून टाकला. फोरमन आणि मंडळी तुटून पडली. नवी जोडी दगडामागे जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. "भूक लागली की येतील," असं ते बायकोला सांगत राहिले. मासे काही आले नाहीत. उलट त्यांची पोटं आत जायला लागली. पूर्णविरामांनी दुकानदाराला फोन लावला.

"साहेब, हे भुकेने मरतील," तो म्हणाला, "पण भुकेपायी खाणार नाहीत."

असं गिऱ्हाईक पूर्णविरामांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. फिटर असता तर त्याला रांगेतून बाहेर काढता आलं असतं. पण त्या संध्याकाळी टाकीतला दिवा मालवताना त्यांनी पाहिलं, की ते दोघं झोपण्याआधी टाकीत शोभेला ठेवलेल्या मेलेल्या प्रवाळाची एकेक फांदी तोंडात घट्ट धरताहेत, पाण्याने वाहून जाऊ नये म्हणून. पूर्णविराम तिथेच खाली बसले. बायको सांगते, त्यांचे डोळे भरून आले होते. लग्नानंतर हे तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही तिच्यासाठी नव्हतं.

मग जे सुरू झालं ते बघायला आम्ही शेजारी निमित्तं काढून जायचो. आधी फोरमनची हकालपट्टी झाली. त्याच्या दंडेलीमुळे गरीब मासे जेवत नाहीत, असं कारण पूर्णविरामांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना जराही हसू आलं नाही. टीव्हीचा आवाज गेला. दार आपटायला बंदी आली. एकदा मला शिंक आली तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरी मी जिन्यात जाऊन दिली.

जेवणाचीही तऱ्हा न्यारी. शिंपल्यातलं मांस आणि कोळंबी ते मिक्सरमधून काढायचे, गाळायचे, पुन्हा काढायचे. तो लोण्यासारखा लगदा मेलेल्या प्रवाळाच्या पांढऱ्या सांगाड्यावर बोटाने लिंपायचे, म्हणजे मासे फसून टोचतील. सांगाडा हळूच पाण्यात सोडायचा आणि श्वास रोखून बसायचं. मासे बघायचे, जवळ यायचे, तोंड फिरवायचे. "जरा पातळ करतो हं, राजा," असं म्हणत पूर्णविराम पुन्हा मिक्सरकडे. कामावरून सुद्धा मध्येच घरी धावायचे, कारण या जिवांना थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा भरवायला लागतं.

आई खुर्चीत बसून हे सगळं बघायच्या. पुढ्यात सुपात भिजत घातलेला पाव. एकदा त्या सहज म्हणाल्या, "अरे, माझंही जेवण त्या दगडाला लावून बघ ना."

"आई, थट्टेची वेळ नाही ही," पूर्णविराम म्हणाले.

त्यानंतर एका दुपारी त्यांची धाकटी बहीण आली आणि आईची पिशवी भरून तिला आपल्या घरी घेऊन गेली. पूर्णविराम तेव्हा टाकीच्या काचेला नाक लावून होते. "आई येतेय माझ्याकडे," असं बहीण म्हणाली. "दार हळू लाव," असं ते म्हणाले.

आणि मासे खायला लागले. आधी मादीने एक टोचा मारला, मग नराने, आणि मग दोघांनी मिळून सांगाडा लख्ख साफ केला. पूर्णविराम आनंदाने आईच्या खुर्चीकडे वळले. "आई, चल बघ, जेवले." खुर्ची रिकामी होती.

"त्या परवाच गेल्या," बायको वह्या तपासता तपासता म्हणाली.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं. तुम्ही दार हळू लावायला लावलंत."

ते तसेच बहिणीकडे गेले. आई मऊ भात आणि कुस्करलेली भाजी खात होत्या, आणि ताट जवळजवळ संपलं होतं. पूर्णविरामांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "आई, मासे खायला लागले. युक्ती काय, तर जबरदस्ती करायची नाही. त्यांचं तोंड बारीक, म्हणून मऊ करायचं. थोडं थोडं द्यायचं. आजूबाजूला कुणी दांडगाई करायची नाही. मग जीव आपोआप खातो."

बहीण पाणी ओतता ओतता थांबली. "दादा, आत्ता काय म्हणालास ते परत म्हण."

"जबरदस्ती करायची नाही," पूर्णविरामांनी उत्साहाने सुरुवात केली. "तोंड बारीक, म्हणून मऊ..." आणि त्यांची नजर आईच्या ताटावर गेली. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उकाडा फार आहे."

माफी हा शब्द त्यांच्या कँटीनमध्ये कधी शिजलाच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः केलेल्या मऊ भाजीचा डबा घेऊन बहिणीच्या दारात हजर झाले. आईंनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"याला कोळंबीचा वास येतोय."

मिक्सर तोच होता. पूर्णविरामांनी नवा मिक्सर आणला. त्याची पाती जास्त बारीक दळतात म्हणून तो माशांना दिला, आणि जुना लिंबू लावून घासून आईसाठी ठेवला. बायकोने हे पाहिलं आणि दोन्हींच्या जागा बदलल्या. ते बघत राहिले, पण हरकत घेतली नाही. या घरात हे नवीनच होतं.

आई पुढे परत आल्या, त्या बहिणीच्या घरचे जिने गुडघ्यांना झेपेनात म्हणून. पूर्णविराम मात्र कारखान्यात सगळ्यांना सांगतात, की आईला मी समजावून आणलं. अल्सरवाल्या फिटरलाही त्यांनी हे सांगितलं. त्याने मान डोलावली आणि आपला घरचा डबा उघडला.