मामांच्या व्हायोलिनची धार

ती मिक्सिंग करायची. म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड झालेली वाद्यं आणि गळे एकत्र आणून, कुणाला पुढं, कुणाला मागं बसवून गाणं ऐकण्याजोगं करायचं. लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर तिची एक खोली होती, भिंतींना जाड फोम लावलेली. लहानपणी तिला सूर ओळखायला शिकवलं ते मामांनी. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवलं. आता त्यांनी स्वतःच्या रचना घरीच रेकॉर्ड केल्या आणि मोठ्या विश्वासानं भाचीच्या हवाली केल्या.

पहिलीच रचना लावली आणि तिनं हेडफोन काढून ठेवले. स्वर जागच्या जागी होते, पण आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. काही रचनांत माइकची पातळी इतकी चढवलेली की आवाज फाटलाच होता. फाटलेलं दुरुस्त होणार नव्हतं. बाकीच्यावर ती मान मोडून बसली. आवाजाचा जो भाग बोचत होता तेवढाच, आणि बोचेल तेव्हाच, तिनं खाली दाबला. हळूहळू गज तारेवर अलगद टेकल्यासारखा वाटू लागला.

मामा ऐकायला आले आणि त्यांचा चेहराच पडला. व्हायोलिन रजईत गुंडाळलंस की काय, असं त्यांनी विचारलं. तिनं थोडी धार परत दिली. तरी नाही. आणखी दिली. शेवटी मूळ रेकॉर्डिंगच लावलं. तिचे दात शिवशिवले. मामा मात्र खुशीत मान डोलवू लागले.

कुठं तरी पाणी मुरतंय, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं एक बारीक, उंच शिटीसारखा आवाज स्पीकरवर लावला.

मामा वाट बघत होते. "अगं, लाव ना."

"चालू आहे, मामा."

मामांनी स्पीकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं आवाज बंद केला.

"म्हणजे ऐकू यावं म्हणून मी गज दाबत गेलो," ते सावकाश म्हणाले. "तुझी मामी म्हणत होती, तुम्हाला ऐकू येत नाही. मला वाटलं टोमणा आहे."

दोघंही हसले, पण मामांना ते हसू फार वेळ टिकवता आलं नाही. नंतर कितीतरी दिवस त्यांनी तिचा फोन उचलला नाही. मामींनीच त्यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्र आलं, गप्पांना ते बरं होतं, पण त्यातून व्हायोलिन खेळण्यातलं वाटायचं, म्हणून वाजवताना ते खिशात जाई.

फाटलेल्या रचना त्यांनी तिच्या खोलीत पुन्हा वाजवल्या. ती समोर बसे. गज जड झाला की तळहात खाली करी, आणि मामा हात सैल सोडत. जिला बोट धरून शिकवलं तिच्या खुणेवर वाजवणं त्यांना जड जात होतं. एकदा व्हायोलिन ठेवून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग परत आले.

सगळं झाल्यावर पहिल्या रचनेचा विषय निघाला. मामा म्हणाले, "ती माझ्या कानांनी ऐकली तशीच राहू दे. एवढी एकच."

तिनं हुज्जत घातली नाही. त्या रचनेचा आवाज जरा कमी ठेवला आणि यादीत ती सगळ्यांत शेवटी टाकली.