उंबऱ्यावरची दोन बटणं

साडूच्या वारलेल्या आईला मी ‘जातो’ म्हणालो. चूक माझीच. बटण समोर होतं आणि बोट मोकळं होतं, एवढीच माझी सबब.

निवडीच्या पायी आमच्या साडूइतका झिजलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. परंड्याच्या स्टँडवर तो गाड्या पुकारतो. ‘कुर्डुवाडी गाडी लागली आहे’ एवढं सांगून गप्प बसेल तर शपथ. ‘न जाणाऱ्यांनी एकदा विचार करावा’ हेही माइकवर ऐकवणार. तुम्ही बार्शीवरून आलात म्हटलं, की चहाचा कप तसाच हातात धरून विचारणार, "आन् भूमवरनं आला असता, तर कोण भेटलं असतं?" लग्नात बुंदी घ्यावी की जिलबी हे त्याचं ठरेपर्यंत पुढची पंगत बसलेली असते. असला माणूस संगणकावर खेळ रचायला शिकला, यात नवल ते काय!

त्याच्या खेळात मारामारी नाही. एक घर आणि उंबऱ्यावर बसलेली त्याची आई. ती बोलते ते खाली अक्षरांत उमटतं, आपण दोनांतलं एक उत्तर निवडायचं, आणि उत्तरागणिक गोष्ट वळते. म्हातारी काहीएक विसरत नाही. दोन वर्षं रोज दुपारी साडू तिच्याशी बोलत होता. त्याची दाढ कधी दुखली, हेसुद्धा तिच्या ध्यानात. निघताना शेवटी दोन बटणं : ‘येतो’ आणि ‘जातो’. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, हे आपल्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. ते बटण कोण दाबणार, म्हणून साडूनं त्या वाटेवर पुढं काहीच लिहिलं नव्हतं. मी दाबलं. म्हटलं, बघू तरी.

म्हातारी उठली. आत गेली. भिंतीकडं तोंड करून बसली, आणि पडद्यावरची चूल विझली.

साडू पडद्याशी वाकला. मग म्हणाला, "हे म्या लिहिलेलं न्हाय, पाव्हणं."

आई गेली त्या दिवशी ड्यूटीच्या घाईत त्याच्या तोंडून हाच ‘जातो’ निघाला होता, हे त्यानं मला तेव्हा सांगितलं. पुसून टाका आणि नव्यानं मांडा, असा शहाणपणा मी शिकवलाच.

"मांडता यील. पर ती दोन वर्सं इसरंल. मला वळखायची न्हाय."

महिनाभर तो रोज दुपारी त्या पाठीसमोर बसत राहिला. स्टँडवर नुसत्या गाड्या पुकारू लागला. ‘विचार करावा’ म्हणेनासा झाला. सगळ्या परंड्याला ही सुधारणा वाटली. मला मात्र जेवण गोड लागेना. शेवटी मी जाऊन त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. पडद्यावर तीच पाठ, आणि खाली एकच बटण : ‘बसतो’.

मी साडूकडं पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली. हेही त्यानं लिहिलं नव्हतं. मग जन्मात पहिल्यांदा कसलाही विचार न करता त्यानं ते दाबलं.

बराच वेळ काही झालं नाही. पुढं चुलीत हळूच उजेड आला. म्हातारीनं वळून पाहिलं नाही, पण खाली एकेक अक्षर उमटू लागलं.

"तू बस, लेका. त्या पाव्हण्याला आदी उठीव."