अल्गोंक्विनची केबिन, अप्पा आणि मिचिकोबाईंची नाता

कॅनडात, वॉटर्लूत आल्यापासून ऑक्टोबरात रंगलेली पानं बघायला गेलो नाही असं वर्ष नाही, पण त्या वर्षी माझ्या मनात नव्हतं. आई फेब्रुवारीत गेली. मे महिन्यात मी भोरहून अप्पांना आईवडिलांना मिळतो त्या सुपर व्हिसावर घेऊन आले, आणि तेव्हापासून ते आमच्या टाउनहाउसच्या खिडकीशी बसून रस्ता बघत होते. आईचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचे. परतीचं तिकीट नोव्हेंबरचं होतं. ते पुढे ढकलायचं मी ठरवून टाकलं होतं, फक्त अप्पांना सांगायचं राहिलं होतं. नवरा म्हणाला, "मला ऑफिस सोडता येणार नाही. तुम्ही दोघं जाऊन या. गाडीत माणूस बोलतो."

अप्पा गाडीतही खिडकीबाहेरचा रस्ताच बघत बसले.

रस्ता सोपा आहे. ४०१ नंबरच्या हायवेवरून ४००, मग ११ नंबर धरून हंट्सविल, तिथून ६० नंबर. टोरंटोच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं नसेल तर सकाळी लवकर निघा. गॅस, म्हणजे पेट्रोल, बॅरीलाच भरून घ्या, पुढे महाग होत जातो. अल्गोंक्विन पार्कच्या आत गाडी लावायचा परमिट आधीच ऑनलाइन काढा. सीझनमध्ये गेटवरून परत जाणारे पुष्कळ बघितलेत. आणि घरची लाकडं गाडीत टाकून नेऊ नका. लाकडातून किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात म्हणून इथे ते चालत नाही. लागतील तेवढी तिथेच मिळतात.

आम्ही शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी गेलो, त्यामुळे केबिन बरीच स्वस्तात मिळाली. पार्कच्या अलीकडे एका छोट्या तळ्याकाठी लाकडी खोली, आत वुड स्टोव्ह. फोनला सिग्नल नाही. मालकीणबाई शेजारच्याच घरात राहतात. नाव मिचिको, ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. तळ्याकाठच्या ओल्या फळ्यांवरून घसरल्या होत्या.

"सॉरी," त्या म्हणाल्या, "ओंडके आहेत, पण या वेळी मला किंडलिंग फोडता आलं नाही. दुकानातले फायर स्टार्टर ठेवलेत."

अप्पांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"ढलप्या नाहीत म्हणतायत, अप्पा. पेटवायला."

अप्पांचं लक्ष दारामागच्या खुंटीकडे गेलं. तिथे लाकडी म्यानात एक हत्यार टांगलेलं होतं. मिचिकोबाईंनी डाव्या हाताने ते काढून त्यांच्यापुढे धरलं. पातं वीतभर, आयताकृती, पाठ जाड, धार सरळ, टोक नाहीच. आपल्या कोयत्याचा बाक काढून टाकला तर कसा दिसेल, तसं. दांडा हाताळून काळा पडलेला.

"कुऱ्हाड नाही," त्या म्हणाल्या. "नाता. जपानी."

अप्पा माझ्याकडे वळले. "नातं म्हणाल्या का गं?"

मी हसले. तेही थोडं हसले. मग पोस्टातल्या नोकरीत कमावलेल्या इंग्रजीत बाईंना म्हणाले, "मॅडम, प्लीज परमिट मी."

"अप्पा, राहू दे," मी म्हणाले. "फायर स्टार्टर आहेत ना. तुमचं वय काय, शुगर काय."

त्यांनी ऐकलं नाही. बाहेरच्या ठोकळ्यावर सीडरच्या लाकडाचा तुकडा उभा केला, पातं त्याच्या डोक्यावर टेकवून हलकेच रुतवलं, आणि मग लाकूड आणि नाता दोन्ही एकदम उचलून ठोकळ्यावर आपटली. लाकूड सरळ चिरत गेलं. सीडरचा वास सुटला. मिचिकोबाई मान हलवत म्हणाल्या, "माझी आई अशीच फोडायची."

रात्री जेवायला पिठलं-भाकरी. पीठ आणि ठेचा मी घरूनच नेला होता. तिथली दुकानं लांब आहेत, तुम्हीही सामान घेऊनच जा. मिचिकोबाईंना बोलावलं. त्यांनी बरणीतून खारवलेले जपानी आलुबुखार आणले. अप्पांनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "जुनं लिंबाचं लोणचं." मी भाषांतर केलं. बाईंनी भाकरी स्टोव्हवर धरून पुन्हा गरम करून घेतली आणि ठेच्याला घाबरल्या नाहीत.

जेवताना त्यांनी नाताची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील पॅसिफिकच्या किनाऱ्यावर मासेमारी करायचे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या कुटुंबांना कॅनडाच्या सरकारने किनाऱ्यावरून हलवलं. होडी गेली, घर गेलं. डोंगरातल्या एका फळ्यांच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. मिचिकोबाई तेव्हा अगदी लहान. "मला खोली नीट आठवत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळचा आवाज आठवतो. बाहेर आई फोडतेय आणि मी पांघरुणात. पुढे आम्ही ओंटारिओत आलो, नाता माझ्याकडे आली. तेव्हापासून तो आवाज मीच करते."

अप्पांना सगळं इंग्रजी कळलं की नाही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती त्या आवाजानेच. ठक्, मग चर्र, मग ढलप्या पडल्याचा. अर्धवट झोपेत मला वाटलं, मी भोरला आहे, अप्पा परसात बंबासाठी ढलप्या फोडतायत, आणि अजून थोडं झोपलं तरी चालेल, कारण शाळेआधी पाणी तापलेलं असणार. किती वर्षांत असं वाटलं नव्हतं. बंब केव्हाच मोडीत गेला, गीझर आला. पण पांघरुणात पडून, दुसरं कुणीतरी आपल्यासाठी उठलंय हे ऐकण्याचं सुख माझं अंग विसरलं नव्हतं.

बाहेर गेले तर तळ्यावर धुकं आणि अप्पांच्या शेजारी ढीग. घराच्या पायरीवर मिचिकोबाई शाल घेऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे ओले होते.

"मी अंथरुणातून ऐकलं," त्या मला म्हणाल्या. "आईनंतर पहिल्यांदा."

मी अप्पांना सांगितलं. त्यांनी पुढचा तुकडा उभा केला.

त्या दिवशी एक सोपा ट्रेल करायचं ठरलं होतं, वरून सगळं खोरं दिसतं तो. अप्पा म्हणाले, "तू जाऊन ये." मी गेले. मेपल बरेच झडले होते, पण टॅमरॅकची झाडं पिवळीधमक झाली होती आणि वर माणसं कमी होती. परत आले तेव्हा ते अजून फोडतच होते. घराच्या भिंतीला ढलप्यांची रांग कमरेपर्यंत आली होती.

"अप्पा, पुरे आता. त्यांनी हे सांगितलेलं नाही."

"म्हणूनच करतोय," ते म्हणाले. मग नाता ठोकळ्यावर आडवी ठेवली आणि बसले. "अशू, तुझ्याकडे आल्यापासून मला कुणी एक काम सांगितलं नाही. भांडी मशीन घासतं. भाजी चिरलेली येते. मी उठलो की तू म्हणतेस, बसा."

"तुम्हाला आराम मिळावा म्हणून."

"माहीत आहे." त्यांनी एक ढलपी उचलली. बोटाएवढी बारीक. "तुझ्या आईला अशी लागायची. जाडी दिली की बंब धुमसायचा आणि ती खोकत बाहेर यायची. म्हणायची, पोस्टमास्तर, शिक्के मारताय की लाकडं फोडताय?"

फेब्रुवारीपासून ते पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलत होते. मग थांबलेच नाहीत. ती पहिल्यांदा भोरला आली तेव्हा तिला विस्तव पेटवता येत नव्हता. शेजारणींना कळू नये म्हणून ते अंधारात उठून पेटवायचे आणि पुन्हा झोपल्याचं सोंग करायचे. हे मला कधीच माहीत नव्हतं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

शेवटी ते म्हणाले, "नोव्हेंबरचं तिकीट आहे तसंच राहू दे हं. घर उघडायला हवं. तिचं सगळं तसंच पडलंय."

मी तयार ठेवलेली सगळी वाक्यं आठवली. एकटे कसे राहाल, थंडी, डॉक्टर. मग म्हटलं, "बरं." तो एक शब्द बोलायला मला फार जड गेला.

निघताना मिचिकोबाईंनी नाता अप्पांना देऊ केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. "मॅडम, युवर हँड विल बी ऑलराइट," म्हणाले.

अप्पा नोव्हेंबरात भोरला परत गेले. घर उघडलं, आईच्या साड्या त्यांनी स्वतः घड्या घालून आत्यांना दिल्या. आता शेजारच्या पोरांना इंग्रजी शिकवतात आणि फोनवर मला त्यांच्या चुका ऐकवतात.

सहलीचं म्हणाल तर पानांचे फोटो मोजकेच आले. या मे महिन्यात सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी किचनच्या दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "मी काय करू गं?" बसा हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी फ्रिजमधून मेथीची जुडी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी लगेच पदर खोचला.