बारा डिग्री जास्त

गारखेड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मेकॅनिकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान वाढलेलं दिसलं, की मी घाबरून त्यांना बोलवायचो. एकदा ते म्हणाले, "साहेब, आज मशीन बंदच ठेवा. सकाळी मी आल्याबिगर चालू करू नका."

सकाळी त्यांनी खिशातून छोटा थर्मामीटर काढून कॅबिनेटमध्ये टांगला आणि चहा संपेपर्यंत तसाच राहू दिला. मग मशीन चालू करून लगेच स्क्रीनवरचा आकडा पाहिला.

"रातभर बंद असलेलं मशीन खोलीएवढंच गार पायजे. दोन-चार इकडंतिकडं चालतंय. तुमचा सेन्सर बारा जास्त सांगतोय. मशीन उगाच बदनाम झालं."

एक चिठ्ठी लिहून त्यांनी कॅबिनेटच्या आत चिकटवली. म्हणाले, "माझ्यानंतर कुणी आलं तर त्याला कळावं."

तरी दर उन्हाळ्यात मी बोलवत राहिलो. ते यायचे, आकड्यातून बारा वजा करायचे आणि चहा घेऊन जायचे.

आता ते नाहीत. परवा भंगारात द्यायला ते मशीन उघडलं, तर चिठ्ठी तशीच होती. 'सेन्सर बारा जास्त सांगतो.' खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती.

'साहेबांना सांगितलंय. तरी बोलावतील. जावं.'